सोमवार ते शनिवार

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात आमच्या एका क्षेत्रसेविकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत कामाचा अहवाल वाचला जातो. किती मुलं वसतिगृहात, किती दवाखाने झाले, किती धान्य वाटलं, ते सगळं आपल्याला छापील मिळालं आहे. ते मी पुन्हा वाचत नाही. सभा संपल्यावर चहा घेताना आपण मला जे विचारता, त्याचं उत्तर आज द्यायचं ठरवलं आहे. आपण विचारता, "ताई, तिकडची माणसं राहतात तरी कशी? दिवसभर करतात काय?"

आपण पाहिलेले फोटो दोनच प्रकारचे असतात. एकात सणाचा नाच असतो. दुसऱ्यात फाटके कपडे घातलेलं, कॅमेऱ्याकडे बघणारं मूल असतं. दोन्ही फोटो खरेच असतात. पण डोंगरातल्या घराचे बहुतेक दिवस यांपैकी कोणत्याच फोटोत नसतात. ते साधे सोमवार, मंगळवार असतात. कामाला जायचं असतं, शेळ्या सोडायच्या असतात, गाडी गाठायची असते, आणि संध्याकाळी पोरांना खेळायचं असतं. म्हणून आज मी चारच गोष्टींबद्दल बोलणार आहे : काम, जनावरं, प्रवास आणि खेळ. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांत कोकणा, वारली, महादेव कोळी समाजाचे पाडे आहेत. मी बोलते आहे ते त्या घरांबद्दल.

पहिल्यांदा काम.

या डोंगरात पाऊस भरपूर पडतो. चार महिने असा पाऊस, की शेजारच्या घराला हाक मारली तर ऐकू जात नाही. मग एप्रिल-मेमध्ये त्याच बायका डोक्यावर हंडे घेऊन दरी का उतरतात? कारण खाली काळा कातळ आहे. पाणी मुरत नाही, उतारावरून निघून जातं. दमणगंगा, पार, नार या नद्यांतून ते पश्चिमेला वाहून जातं. त्यामुळे शेती होते ती पावसाळ्यापुरती. उन्हाळ्यात पालापाचोळा आणि काटक्या पसरून राब भाजायचा, पाऊस पडला की त्यात भाताची, नागलीची रोपं करायची, जुलैत गुडघाभर चिखलात आवणी करायची. वरच्या माळावर वरई, उडीद, खुरासणी. दिवाळीच्या आसपास कापणी आणि झोडणी झाली की कणगीत किती धान्य आलं ते दिसतं. घरातल्या बाईला तेव्हाच कळतं, की हे किती महिने पुरणार. तो हिशेब ती बोटांवर करते आणि तो सहसा चुकत नाही.

धान्य पुरणार नाही, आणि मीठ-तेल, औषध, कपडे यांना तर रोख पैसाच लागतो. मग घर काम शोधायला खाली उतरतं. खाली म्हणजे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत. द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. फळछाटणीपासून खुडणीपर्यंत चार-साडेचार महिने बागेला माणसांचे हात लागतात. छाटणी, काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावणं, कोवळी फूट काढणं, घड औषधाच्या द्रावणात बुडवणं, मणी विरळ करणं आणि शेवटी खुडणी. काही जण पहाटे पिकअपमध्ये उभे राहून जातात आणि रात्री परततात. काही कुटुंबं दोन-दोन महिने बागेतच, मालकाने दिलेल्या खोलीत किंवा ताडपत्रीच्या पालात राहतात. दहा-बारा जणांची टोळी असते. एकरावर उक्तं काम ठरतं आणि पैसे टोळीत वाटले जातात.

यातली एक गोष्ट मला आपल्याला आवर्जून सांगायची आहे. आपण सहज म्हणतो, "बिचारे अशिक्षित, मोलमजुरी करतात." बंधुभगिनींनो, मणी विरळण्याचं काम एकदा पाहा. हातात छोटी कात्री, डोळ्यांसमोर घड. कोणता मणी ठेवायचा, कोणता काढायचा, हे बाई क्षणात ठरवते. ठेवलेल्या मण्याला कात्रीचं टोकही लागता कामा नये, नाहीतर तो सडतो आणि त्याच्याबरोबर घड जातो. मान वर करून, हात वर धरून दिवसभर हे काम. संध्याकाळी खांदे भरून येतात. छाटणीनंतर जी पेस्ट लावतात, ती हाताला लागली तर कातडी भाजते, म्हणून हातमोजे हवेतच. ज्या टोळीला हे माहीत असतं ती हातमोजे मागून घेते. ज्या टोळीतली मुलं नवीन असतात त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. आमच्या सेविका ऑक्टोबरच्या आधी पाड्यावर बसून हेच सांगतात. रबरी हातमोजे ही स्वस्त वस्तू आहे. ते नसले तर बुडणारी मजुरी महाग पडते.

नाताळच्या केकमधला मनुका आणि प्रभुभोजनाच्या प्याल्यातला द्राक्षरस आपल्यापर्यंत येतो, त्यामागे असेच कुणाचे तरी हात असतात. डोंगरातली माणसं आपल्याला काही देतात का, असा प्रश्न कुणाच्या मनात असेल, तर उत्तर आपल्या ताटात आहे.

आता या कामाची दुसरी बाजू. आई-बाप बागेत गेले की मुलांचं काय? घरी आजी असेल तर मुलं पाड्यावर राहतात आणि शाळेत जातात. आजी नसेल किंवा तिला दिसत नसेल, तर मुलं आईबरोबर जातात. मागच्या हंगामात चौथीतली एक मुलगी अशी गेली. मी तिच्या आईला विचारलं, "वहिनी, हिची शाळा बुडेल ना?" आई म्हणाली, "ताई, शाळा बुडते ते मलाही दिसतंय. पण मी घड बुडवत असताना धाकट्याला कोण बघणार?"

हे उत्तर आपण नीट ऐकलं पाहिजे. त्या आईला शिक्षणाचं महत्त्व पटवून द्यायची गरज नव्हती. तिला ते पटलेलंच होतं. अडलं होतं दहा महिन्यांच्या बाळापाशी. कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षात कधीही, कोणत्याही जवळच्या सरकारी शाळेत दाखल करून घ्यावं लागतं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवलं की नव्या गावच्या शाळेत बसता येतं. काही ठिकाणी हंगामी वसतिगृहं चालतात. या सोयी चांगल्या आहेत आणि त्यांचा उपयोग करून द्यायला आम्ही धडपडतो. पण ज्या मुलीच्या कडेवर भाऊ आहे, ती कार्ड हातात असूनही शाळेत जाऊ शकत नाही. तिच्यासाठी हवं ते पाळणाघर. बागेजवळ एक खोली, एक समजूतदार मावशी, दोन झोळ्या, पिण्याचं स्वच्छ पाणी आणि दुपारची खिचडी. एवढं झालं की पाच-सहा मोठ्या बहिणी मोकळ्या होतात. मागच्या हंगामाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत आम्ही एका ठिकाणी हे करून पाहिलं. बागमालकाने खोली दिली आणि टोळीतल्याच एका आजीला मावशी म्हणून नेमलं. तिला आम्ही मानधन दिलं. ती चौथीतली मुलगी वार्षिक परीक्षेला बसली. पास झाली. गणितात कमी पडली, पण पास झाली.

आता जनावरांकडे वळते.

आपल्या शहरातल्या घरात कुत्रा किंवा मांजर असतं ते सोबतीला. डोंगरातल्या घरातही प्रेम असतंच, पण प्रत्येक जनावराला काम असतं. मांजर कणगीतले उंदीर धरतं. कुत्रा रात्री बिबट्याची चाहूल देतो. त्याचं नाव बहुतेक काळू किंवा मोत्या, आणि तो घरातल्या सगळ्यांत लहान पोराच्या मागे असतो. बैल नांगराला. कोंबडी पाहुण्यासाठी आणि अडल्या दिवसासाठी. आणि शेळी म्हणजे घराची बँक.

बँक म्हणते, ती खरोखरच. शेळी पाच महिन्यांत विते, पुष्कळदा जुळी करडं देते. चारा विकत घ्यावा लागत नाही, रानातला पाला ती खाते. बाळंतपण अडलं, मुलाला दाखल करायचं आहे, बियाणं घ्यायचं आहे, अशा वेळी आठवड्याच्या बाजारात एक बोकड जातो आणि त्याच दिवशी रोख पैसे हातात येतात. कागद नाही, जामीन नाही, सावकाराच्या पायऱ्या नाहीत. पोरं करडाला नाव ठेवतात, त्याला मांडीवर घेऊन झोपतात, आणि एक दिवस बाबा ते बाजारात नेतात. पोर दोन दिवस जेवत नाही. मग त्याच पैशांतून त्याची वह्या-पुस्तकं येतात. हे दुःख आणि ही सोय डोंगरातलं मूल लहानपणीच एकत्र शिकतं.

मात्र ही बँक एका आठवड्यात बुडू शकते. शेळ्यांना पीपीआर नावाचा रोग येतो. ताप, नाका-डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, हगवण, आणि कळपच्या कळप बसतो. पावसाच्या सुरुवातीला कोवळा चारा फार खाल्ला की आंत्रविषार होतो. संध्याकाळी धडधाकट असलेली शेळी सकाळी मेलेली सापडते. कोंबड्यांना मानमोडी लागते. एका आजीच्या अकरा कोंबड्या होत्या. तीन दिवसांत एकही उरली नाही. नातवाच्या औषधासाठी त्या विकायच्या असं तिने ठरवलं होतं. मी गेले तेव्हा ती रिकाम्या खुराड्यापुढे बसून खराट्याने अंगण झाडत होती. मला म्हणाली, "बस पोरी, चहा टाकते." कोंबड्यांबद्दल एक शब्द बोलली नाही. औषध त्या आठवड्यात आलं नाही.

या तिन्ही रोगांना लस आहे. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी द्यायची. पीपीआरची एक लस साधारण तीन वर्षं संरक्षण देते. मानमोडीची लसही महाग नसते. मग अडचण काय? अडचण थंडाव्याची. लस थंड राहिली नाही तर तिचा उपयोग नाही. तालुक्याच्या ठिकाणाहून बर्फ घातलेला थर्मास घेऊन एसटीने यायचं, फाट्यावर उतरून चालत पाड्यावर जायचं, आणि बर्फ वितळण्याआधी काम संपवायचं. शिवाय कोंबड्यांना दिवसा लस देता येत नाही, कारण त्या रानभर पसरलेल्या असतात. अंधार पडून त्या खुराड्यात शिरल्या की मग द्यायची. म्हणजे लस देणारी व्यक्ती त्याच पाड्यावर मुक्कामाला हवी. म्हणून हे काम पाड्यातल्याच बायकांनी शिकणं बरं. पशुसखी म्हणून शिकलेल्या अशा बायका आता अनेक गावांत आहेत. आमच्या तीन पाड्यांत पाच जणी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांकडून शिकल्या. त्या आता शेळीला इंजेक्शन देताना त्यांच्या नवऱ्यांना शेळीचे पाय धरायला लावतात. हे दृश्य पाहून सगळा पाडा हसतो, आणि नवरेही हसतात.

शेळ्या दान करू इच्छिणाऱ्या बंधुभगिनींना एक नम्र विनंती. मोठ्या, देखण्या, बाहेरच्या कोरड्या मुलखातल्या जातीच्या शेळ्या पाठवू नका. इथल्या पावसात त्यांचे खूर कुजतात, छातीत कफ भरतो. इथली लहानखुरी गावठी शेळी या हवेत टिकते. नवी शेळी देण्याआधी असलेल्या शेळ्या जगवायला मदत करा. लस, जंताचं औषध आणि गोठ्यात जमिनीपासून हातभर उंच लाकडी माच, म्हणजे पावसाळ्यात शेळी ओल्या जमिनीवर बसणार नाही. एवढ्याने पुष्कळ साधतं.

बिबट्याबद्दल दोन शब्द. बिबट्याने शेळी मारली तर वनखात्याकडून भरपाई मिळते. त्यासाठी वनरक्षकाला ताबडतोब कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही. ही साधी माहिती नसल्याने कित्येक घरांची भरपाई बुडते. आणि कुत्रा चावला तर, हे तर शहरातल्यांनाही सांगते, जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यायची. चुना, तिखट काही लावायचं नाही.

तिसरी गोष्ट, प्रवास.

आपण प्रवासाला जातो ते सुट्टीत. डोंगरात प्रवास रोजचा असतो. आठवडे बाजार, रेशन, दवाखाना, तहसील, शाळा. आणि प्रवास म्हटलं की एसटी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर पहिली गाडी धावली, हे आपल्यापैकी ज्येष्ठांना ठाऊक असेल. पण मुक्कामी एसटी म्हणजे काय, हे शहरात क्वचितच कुणाला माहीत असतं. शेवटची गाडी रात्री गावात येते, तिथेच राहते आणि पहाटे परत निघते. चालक आणि वाहक गाडीत किंवा देवळाच्या, समाजमंदिराच्या ओट्यावर झोपतात. गावातलं कुणीतरी त्यांना भाकरी-भाजी नेऊन देतं. पहाटे गाडीचं इंजिन सुरू झालं की सगळं गाव उठतं. त्या गाडीत भाजीच्या पाट्या, दुधाचे कॅन, तालुक्याला जाणारे आजारी, आणि हायस्कूलच्या मुली असतात.

मुलींबद्दल सांगते, कारण गाडीवर सगळ्यांत जास्त त्यांचंच अवलंबून असतं. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच स्त्रियांना अर्ध्या तिकिटात जाता येतं. त्यामुळे आजी नातीबरोबर दवाखान्यात जाऊ लागली आहे, पूर्वी ती पैशांमुळे मागे राहायची. पण पास मोफत असला तरी गाडी गावापर्यंत आली पाहिजे. आमच्या एका गावाचा रस्ता दोन वर्षांपूर्वी जुलैच्या पावसात मोरीपाशी वाहून गेला. गाडी सहा किलोमीटर अलीकडे फाट्यावरूनच वळू लागली. मुलगे सायकलवर किंवा चालत गेले. मुलींच्या आया म्हणाल्या, पहाटेच्या अंधारात सहा किलोमीटर जंगलातून पोरीला कसं पाठवायचं? त्या गावातल्या नऊ मुली हायस्कूलला होत्या. दिवाळीपर्यंत चारच जात होत्या. उरलेल्या पाचांपैकी दोघींच्या घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती.

बंधुभगिनींनो, बालविवाहाविरुद्ध आपण भाषणं करतो, फलक लावतो. ती करावीतच. पण त्या दोन मुलींच्या बाबतीत लग्नाचा विषय घरात आला, तो एक मोरी वाहून गेल्यामुळे. मुलगी शाळेत जाते तोवर घरात कुणी लग्न काढत नाही. ती घरी बसली की शेजारणी विचारतात, "आता कशाची वाट बघता?"

गावाने काय केलं ते ऐका. पाऊस थांबल्यावर पोलीस पाटलांनी आणि शाळेच्या गुरुजींनी सगळ्यांना बोलावलं. प्रत्येक घरातून एक माणूस, रविवार सोडून सलग आठ दिवस. दगड नदीतून, मुरूम टेकडीवरून. आमच्या मंडळीतल्या तरुण संघाची मुलं शहरातून दोन शनिवार गेली. त्यांच्या हातांना फोड आले आणि पाड्यावरच्या बायकांनी त्यांना तेल लावून दिलं. आपण पाठवलेल्या निधीतून सिमेंटचे पाईप घेतले. मग ग्रामपंचायतीने ठरावासह आगाराला अर्ज दिला, तिथले अधिकारी रस्ता बघून गेले आणि जानेवारीत मुक्कामी गाडी परत सुरू झाली. पहिल्या पहाटे गाडीला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. पाचांपैकी चार मुली शाळेत परतल्या. पाचवीचं लग्न ठरून गेलं होतं. तिचं नाव मी प्रार्थनेत घेते, इथे घेत नाही.

रस्त्याची आणखी एक बाजू आहे. १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते, पण ती जिथवर रस्ता आहे तिथवरच येते. तिथपर्यंत रुग्णाला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून चौघे खांद्यावर नेतात. बाळंतीण असेल तर वाट जास्तच लांब वाटते. ज्या पाड्यांना अजून रस्ता नाही, तिथल्या गरोदर बायकांना शेवटच्या आठवड्यात आरोग्य केंद्राजवळ नातेवाइकांकडे आणून ठेवायला आम्ही सांगतो. ज्यांना तिथे नातेवाईक नाहीत त्यांच्यासाठी आमच्या वसतिगृहाची एक खोली आहे. ती खोली आपल्या महिला मंडळाने रंगवून दिली, त्याबद्दल मनापासून आभार.

शेवटची गोष्ट, खेळ. आपल्याला वाटेल, पोटाचे प्रश्न असताना खेळ कशाला?

त्र्यंबकेश्वर तालुक्यातला सावरपाडा हा एक लहानसा पाडा. तिथली कविता राऊत ही मुलगी धावू लागली आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत तिने कांस्यपदक मिळवलं. त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने याच शर्यतीत रौप्यपदक घेतलं. २०१२ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. लोक तिला सावरपाडा एक्स्प्रेस म्हणतात. त्याहून मागे गेलो, तर १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीचं पहिलं सुवर्णपदक जिंकलं तेव्हा संघाचा कर्णधार होता झारखंडचा मुंडा आदिवासी तरुण, जयपाल सिंग. तो रांचीच्या मिशन शाळेत शिकला, तिथून ऑक्सफर्डला गेला, आणि पुढे संविधान सभेत आदिवासींच्या वतीने ठामपणे बोलला. मिशन शाळेच्या मैदानावर मुलांना खेळू देण्यात वेळ वाया जातो, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्याची आठवण ठेवावी.

पण सगळेच पदकं आणत नाहीत, आणि आणायलाही नकोत. आमच्या पाड्यांवरची मुलं-मुली पहाटे घाटाच्या रस्त्यावर धावतात ती मुख्यतः पोलीस भरतीसाठी. मैदानी चाचणीत मुलग्यांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. एका मुलीची आजी तिला रोज विचारायची, "मागे वाघ नाही, पुढे गाडी नाही, मग पळतेस कशाला?" मुलगी म्हणायची, "आजी, नोकरी पळतेय, ती धरायचीय." पहिल्या वर्षी ती धावण्यात उतरली पण लेखी परीक्षेत राहिली. आता संध्याकाळी आमच्या वसतिगृहात येऊन गणित करते. पहाटे धावताना ट्रक अंगावर येऊ नये म्हणून आम्ही या मुलांना चमकणाऱ्या पट्ट्या दिल्या. पावसात अनवाणी धावून तळपाय फाटतात, म्हणून बूट हवेत. त्यांना नवे बूट हवेत, कारण दुसऱ्याच्या पायाला बसलेले जुने बूट पाय दुखवतात. आणि सकाळी एक-दोन उकडलेली अंडी. त्या अंड्यांसाठी पुन्हा कोंबड्यांची लस लागते. पाहा, चारही गोष्टी एकमेकींत कशा गुंतल्या आहेत.

खो-खो आणि कबड्डीला तर पैसाही लागत नाही. चुना आणि थोडी सपाट जागा पुरते. संध्याकाळी मुली खो-खो खेळतात तेव्हा मी पाहते, की दिवसभर पाणी वाहणारी, भावाला सांभाळणारी मुलगी तेवढा अर्धा तास फक्त मुलगी असते. ओरडते, भांडते, जिंकते. पोलीस भरती झाली नाही तरी तो अर्धा तास तिचा राहतो.

आता आपण काय करायचं, ते थोडक्यात सांगते आणि थांबते.

एक, फळछाटणी ऑक्टोबरमध्ये सुरू होईल. त्याआधी दोन बागांजवळ पाळणाघरं उभी राहिली पाहिजेत. खोल्या मिळतील. दोन मावश्यांचं सहा महिन्यांचं मानधन आणि दुपारची खिचडी यांची सोय करायची आहे. ज्या मंडळीला जमेल तिने एका पाळणाघराची जबाबदारी घ्यावी.

दोन, पशुसखींना तीन चांगले थर्मास आणि प्रवासखर्च हवा आहे. पावसाळ्यापूर्वी हवा आहे, नंतर नको.

तीन, बूट. आम्ही प्रत्येक मुलाच्या पायाचं माप कागदावर काढून आणलं आहे. बाहेर टेबलावर ते कागद ठेवले आहेत. एक कागद घ्या आणि त्या मापाचे नवे बूट द्या.

चार, भेटीला या. पण कार्यक्रमाच्या दिवशी नको. त्या दिवशी तुम्हाला हार घातले जातात, मुलं स्वागतगीत म्हणतात आणि सगळा पाडा कामावरून सुट्टी घेतो, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. एखाद्या मंगळवारी या. मुक्कामी गाडीने या, रात्री राहा. पहाटे त्याच गाडीने मुलींबरोबर तालुक्याला जा. कुणी तुमच्यासाठी खास काही करणार नाही. नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि बसायला घोंगडी मिळेल.

आणि प्रार्थना करताना "आदिवासी बांधव" एवढंच म्हणून थांबू नका. त्या आजीच्या नव्या कोंबड्यांसाठी प्रार्थना करा, तिने पुन्हा चार घेतल्या आहेत. मोरीवरच्या पाईपांसाठी करा, कारण पाऊस पुन्हा येणार आहे. चौथीतून पाचवीत गेलेल्या मुलीच्या गणितासाठी करा. इतक्या लहान गोष्टी देवापुढे कशा मांडायच्या, असा संकोच करू नका. डोंगरातली माणसं याच गोष्टींवर जगतात.